रिकामा न फिरणारा वाडगा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावाचे प्रमुख, कप्तान हर्मोहेनेस. बिशपांच्या वतीने मुद्दाम सेबू शहराहून आलेले आदरणीय मोन्सिन्योर. आज आपला निरोप घेणारे फादर अन्सेल्मो. त्यांच्या जागी आलेले तरुण फादर दियोनिसियो. महिला मंडळाच्या अध्यक्षा, तुमच्या थोरल्या ताई आणि माझ्या सख्ख्या मावशी, मानांग पुरीसिमा. आणि समोर बसलेल्या माझ्या कोळी बंधुभगिनींनो,

भाजलेलं डुक्कर मागे टेबलावर आलेलं आहे. वास मलाही येतो आहे. डुकरापुढे लांबलेलं भाषण हा सगळ्यांत कडक उपवास, असं कप्तान मला आत्ताच कानात म्हणाले. मी लिहून आणलं आहे, म्हणजे भरकटणार नाही.

फादर आपल्याकडे आले तेव्हा कसे होते, आठवतं का? काठीला झगा घातल्यासारखे. त्यांनी पहिल्याच उपवासकाळात आपल्या गावाचा गुड फ्रायडे पाहिला आणि कपाळाला हात लावला. आपल्याकडे त्या दिवशी मांसाला कोणी शिवत नाही, खरं आहे. पण घरोघरी बिनिग्निट शिजतं. नारळाच्या घट्ट दुधात रताळी, अळकुड्या, केळी, फणस, साबुदाणा आणि वर गूळ! शिवाय प्रत्येक घराने शेजारी वाडगा पाठवायचा, आलेला वाडगा नाकारायचा नाही आणि रिकामा परत करायचा नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी. संध्याकाळच्या प्रार्थनेला निम्मं गाव गुडघे टेकायचं ते पुन्हा उठता येत नाही म्हणून तसंच राहायचं.

पुढच्या वर्षी फादर व्यासपीठावरून गरजले. "प्रभू क्रुसावर आणि तुम्ही खिरीवर? यंदा एकाही घरात बिनिग्निट शिजणार नाही. पाव आणि पाणी!"

आपण ऐकलं. मावशीने तर गल्लीत फिरून चुली हुंगल्या.

आता पुढची हकिगत मला दोघींनी सांगितली, एक मावशीने आणि दुसरी लोला तिबुर्सियांनी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तिबुर्सिया आजींनी. दोघींचं जिथे जुळलं नाही ते मी गाळलं आहे.

त्या गुड फ्रायडेला सकाळी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला लोला आल्या नाहीत. टोकाच्या खोपटात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई, म्हणून फादर चौकशीला गेले. चूल थंडगार.

"लोला, बरं नाही का?"

"बरी आहे. बसून आहे. उभं राहिलं की गरगरतं."

"काही खाल्लंत का?"

"तुम्हीच बंद केलंत ना, बाबा."

"मी खीर बंद केली. जेवण नाही!"

"या आठवड्यात होड्या समुद्रात जात नाहीत. एरवी जाळं ओढायला हात लावते, मासळीचा वाटा मिळतो. होड्या वाळूवर असल्या की मी वाडग्यांवर असते. उकळत उकळत ईस्टरपर्यंत पुरवते."

फादर म्हणाले, "मी आत्ता तांदूळ पाठवतो."

"पाठवा. परत पाठवीन. मी भीक घेत नाही. वाडगा वेगळा. तो माझ्याकडून शेवग्याचा पाला भरून परत जातो."

फादर परतले. स्वयंपाकीण सुट्टीवर होती. ज्या माणसाने उभ्या जन्मात अंडं उकडलं नव्हतं, त्याने दार लावून बिनिग्निट शिजवलं आणि झग्याखाली वाडगा लपवून तो भर उन्हात किनाऱ्याने निघाला.

मावशी मागे होतीच. तिचं म्हणणं, ती सहज चालली होती.

लोलांनी वाडगा पाहिला. घेतला. पण तोंडाला लावेनात. "पाहुणा उपाशी आणि मी गिळू? माझ्या घरात असं झालेलं नाही. तुम्ही घास घ्या, मग मी."

"लोला, आज मी... मीच सांगितलंय सगळ्यांना..."

"मग न्या परत."

फादरांनी एकदा थंड चुलीकडे पाहिलं आणि चमचा तोंडात घातला. लोलांनीही खाल्लं. त्याच क्षणी खिडकीत मावशीचं तोंड उगवलं.

"फादर! आज? आणि तुम्ही?"

फादरांचं तोंड भरलेलं. उत्तर लोलांनी दिलं. "पुरीसिमा, बाहेरून काय बघतेस? आत ये. एक घास घे."

नाकारायचं कसं? मावशी आत गेली आणि घास घेतला. मग दुसरा. दुसऱ्याबद्दल दोघींचं जुळत नाही.

अळकुड्या कच्च्या होत्या, मित्रहो! कच्ची अळकुडी घशाला काय करते हे मी तुम्हाला सांगायला नको. दुपारी देवळात प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन करताना फादरांचा आवाज चिरकला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. गायनवृंदाच्या पुढे मावशी, गळा दाबून हुंदके देत होती. मागच्या बाकावर लोला खोकत होत्या. सगळं देऊळ ढसाढसा रडलं. इतका पश्चात्ताप या गावाने कधी पाहिला नव्हता. आज कळलं ना कशामुळे? मावशी, रागावू नका, तुम्हीच परवानगी दिलीत.

ईस्टरला फादर व्यासपीठावर उभे राहिले. बसलेल्या आवाजात एवढंच म्हणाले, "उपवास मी केला, उपाशी मात्र दुसरंच कोणी राहिलं. मला क्षमा करा. पुढच्या वर्षी चुली पेटवा. पहिला वाडगा जिथे धूर दिसत नाही तिथे न्या. आपल्या ताटातून उचलून न्या, उरलेलं नको. मग स्वतः भुकेले राहिलात, तर त्याला उपवास म्हणा."

तेव्हापासून आपल्याकडे खीर शिजते आणि शिजवणारा ती चाखत नाही. फादर दियोनिसियो, ही रीत तुमच्या हवाली आहे. शिजवू नका, फक्त पोचवा.

आता शेवटचं. तो वाडगा फादरांचा होता. आज दारात मी लोलांना विचारलं, "लोला, फादरांचा वाडगा परत द्यायचा राहिला ना?" त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत, पदराखाली काय आहे ते बघा.

म्हणाल्या, "राहिला नाही, ठेवलाय. परत दिला की संपलं. फादरांना सांग, गुड फ्रायडेला येऊन घेऊन जा. अळकुड्या मी शिजवीन."

फादर, आपल्या रिवाजाप्रमाणे हे नाकारता येत नाही.

मला बोलायला उभं केल्याबद्दल अध्यक्षांचे आणि डुकराकडे पाठ करून ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. काही कमीजास्त बोललो असेन, कुणाच्या घशात खवखवलं असेल, तर तो घास कच्चा राहिला असं समजून मला पदरात घ्या. वाढला मनापासून आहे.