रंजीताचा झिंगा

नाई, शंभर झाले म्हनून टाळ्या काऊन वाजवून राह्यले हो तुम्ही? शंभरावा कोनता, हे कोनी पाह्यलं का? प्राचार्य साहेबानं माइकवर सांगतलं, "आपल्या सिंदेवाहीचे प्रफुल सर, समुद्रातल्या जीवाइचे शास्त्रज्ञ, त्याइच्या संशोधनाले शंभर सायटेशन!" आन् मांगच्या खुर्चीवरचे गुणवंतराव बाजूच्याले विचारते, "शंभर काय? एकर?" तुम्हाले सांगतो, सायटेशन म्हंजे काय, तं दुसऱ्यानं पेपर लिहाचा आन् खाली बारीक अक्षरात टाकाचं का हे अमुक भाऊनं अगोदर लिहलं होतं. झालं एक! लगनपत्रिकेत खाली आपलं नाव येते ना, तसं. लगन त्याचं, आपन नुसते 'आपले विनीत'!

कुठी समुद्र, कुठी सिंदेवाही! इथच्या पोरानं धानावर संशोधन करावं, केंद्र गावातच आहे, सायकलनं जाता येते. पन मले नाद झिंग्याइचा! बावीस वर्सं कोकनात दगडं उलटे करत फिरलो. बायको, रंजीता, इथी शाळेत मास्तरीन, माया मायले तिनंच सांभाळलं. सुट्टीत आलो का शेजारीन विचारे, "भाऊ, झिंगे आनले का?" मी म्हनो, "आनले, पन बाटलीत आहेत, स्पिरिटमधी!" मंग थे तोंड वाकडं करून जाय.

रंजीतानं समुद्र एकदाच पाह्यला. पाच दिवस. ओहोटीच्या वक्ती मी चष्मा पुसून राह्यलो होतो, आन् हे बाई पदर खोचून दगड उलटा करते, "अवो, इकडं या! याच्या पाठीवर पाहा, माया साडीसारखा लाल काठ!" नखाएवढा झिंगा! म्या जलमात तसा पाह्यला नोहता. नवी जात म्हनून पेपर लिहला आन् नाव ठेवलं तिचंच. पेपर आला तं म्हने, "माहं नाव वाकडं काऊन छापलं?" म्हनलं, "शास्त्रीय नाव असं तिरपंच छापतेत." "असं का!" लगेच तो कागद लॅमिनेट करून शाळेत नेला… पोराइले दाखवाले.

आन् पुढच्याच वर्सी, तुम्हाले सांगतो, त्याच दगडाखाली मले एक मोठा झिंगा भेटला, काठ अर्धा पुसलेला! म्हंजे काय? लहानपनी काठ, मोठा झाला का साधा. सव्वाशे वर्साआधी नाव ठेवलेला जुनाच झिंगा, नवा-बिवा काई नाई! चूक झाली म्हनून लिहाले पायजे होतं का? होतं. लिहलं का? नाई! कसा लिहू, तुम्हीच सांगा? तिकडं ती वर्गात आपलं वाकडं नाव दाखवून राह्यली, आन् मी इकडून लिहू का, हे नाव चुकलं? बाटलीत घातला झिंगा, कपाटाच्या मांगं सरकवली बाटली, चूप बसलो.

मंग ती गेली. ताप आला, तीन दिवसांत खतम. मी सोळा दिवस जहाजावर, फोनले रेंज नाई. धक्क्यावर उतरलो तं चव्वेचाळीस मिस्ड कॉल… सारं होऊन गेलं होतं. कुठी समुद्र, कुठी सिंदेवाही… खांदाही नाई देल्ला म्या तिले. मनाले म्हनलं, बाई गेली, नाव तं राह्यलं!

राह्यलं का? माही विद्यार्थीन मोनाली, भद्रावतीची, लय हुशार. मीच शिकवलं तिले, का मोठ्या मानसाच्या पेपरवरही डोळे मिटून भरवसा ठेवाचा नाई. तिनं नाईच ठेवला! जनुकं तपासले आन् मले फोन केला. रडून राह्यली पोरगी. "सर, काकूंचा झिंगा नवा नाई… तुम्ही म्हना तं मी नाई छापत."

म्या तेवढं म्हनलं असतं तं झालं असतं हो! कोनाले पत्ता लागला नसता. पन बाटली काढली, धूळ पुसली, येष्टीनं भद्रावतीले गेलो, तिच्या हातात देल्ली. म्हनलं, "छाप. हा पुरावाबी लाव." छापलं तिनं. रंजीताचं नाव रद्द! आन् खाली, बारीक अक्षरात, माहा पेपर… थोच तुमचा शंभरावा! वाजवा टाळ्या!

आता परवा तिचा पुन्हा फोन. एक झिंगा भेटला म्हने, खराच नवा, पक्का. "सर, याले काकूंचं नाव ठेवू?" मंग म्हनलं, "नको पोरी. मानसाचं नाव ठेवूच नको, त्याले दोन-दोनदा मराले लागते. दगडाखाली राह्यते ना थो? दगडाचं ठेव. दगडाले काई होत नाई."

ती हळूच म्हने, "सर… दगडाचं नाव अगोदरच कोनीतरी दुसऱ्या झिंग्याले देल्लं आहे."