गिरणीवाल्याची बुडालेली लेक

(धबधब्याच्या कठड्यापाशी, पडक्या पाणचक्कीसमोर तिघं उभी आहेत : साठी ओलांडलेली काकू, तिची पुतणी आणि छातीवर बिल्ला लावलेला वाटाड्या.)

वाटाड्या : ...आणि त्याच क्षणी, बघा, गिरणीचं चाक आपोआप थांबलं. पाणी कोसळतंय, पण चाक काही हलेना. जणू तेही तिच्या दुःखात सामील झालं.

काकू : वर पाटाच्या तोंडाची फळी पाडली असेल कोणीतरी. पाणी अडलं की थांबतंच ते.

वाटाड्या : काय म्हणालात मावशी?

काकू : काही नाही. चालू द्या तुमचं.

पुतणी : काकू, मध्ये बोलू नकोस ना. मी रेकॉर्ड करतेय.

वाटाड्या : तर गिरणीवाल्याची ही एकुलती एक लेक. कमरेखाली रुळणारे केस. आई लहानपणीच गेलेली, बाप भलता कडक. गिरणीच्या दगडांना टाकी लावायला एक तरुण पाथरवट यायचा.

पुतणी : टाकी लावायला म्हणजे?

वाटाड्या : दळून दळून दगड गुळगुळीत होतात, मग पीठ जाडंभरडं पडतं. छिन्नीने ठोकून ते पुन्हा खरखरीत करायचे. तर त्याच्यावर हिचं मन जडलं. बापाला कळलं. बापाने त्याला चाबकाने फोडून काढलं...

काकू : चाबूक कुठून आला? घरात साधी कुत्र्याला हाकलायची काठी नव्हती.

वाटाड्या : मावशी, दंतकथा आहे ही. हाकलून दिलं म्हणा. आणि एका पहाटे, इथून, बरोबर या खडकावरून तिने उडी घेतली. मागे उरले फक्त चांदीचे पैंजण.

काकू : चपला.

वाटाड्या : अं?

काकू : चपला होत्या. डाव्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला, दोऱ्याने शिवलेला. इतका चढ त्या चपलांनी कोण चढणार? म्हणून इथंच काढून ठेवल्या आणि पिशवीतल्या नव्या घातल्या. मागच्या पायवाटेने रस्त्यावर, आणि तिथून सहाची बस.

पुतणी : काकू?

काकू : तुझे काका बसमध्ये जागा धरून बसले होते. मी खिडकीची मागितली, ती काही त्यांनी दिली नाही. त्यांना बस लागायची.

पुतणी : थांब, एक मिनिट. आपले काका पाथरवट होते हे माहीत आहे मला. पण तू म्हणाली होतीस की तुमचं लग्न ठरवून झालं.

काकू : ठरवूनच झालं. आम्ही दोघांनी ठरवलं.

वाटाड्या : मावशी, जरा या बाकावर बसता का? तो दोरा कुठल्या रंगाचा होता?

काकू : निळ्या. पोत्यांची तोंडं शिवायचा. तुम्हाला कशाला हवाय रंग?

वाटाड्या : त्या चपला माझ्या वडिलांनी उचलल्या होत्या. ते इथले पोस्टमन. पुढे कितीतरी वर्षं आमच्या माळ्यावर होत्या त्या.

काकू : पोस्टमनचा मुलगा तू? मग तुला सगळं ठाऊक आहे.

वाटाड्या : आहे.

काकू : आणि तरी माणसांना उडी मारून दाखवतोस रोज.

वाटाड्या : दिवसातून चार वेळा. सुट्टीच्या दिवशी सात. बस पकडून गेलेल्या मुलीला बघायला कोण येणार, मावशी? पर्यटन कार्यालयातून छापील मजकूर मिळतो. पैंजण त्यांचे, चाबूक मात्र माझा.

पुतणी : पण ती बुडाली असं पहिल्यांदा म्हणालं कोण? काकूचे वडील?

वाटाड्या : ते नव्हेत. त्यांनी फक्त चपला बघितल्या आणि मटकन खाली बसले. बाकीचं लोकांनीच केलं. तीन दिवस डोहात माणसं उतरत होती. एकाचा पाय मोडला. शाळा बंद ठेवली. सरपंचांनी भाषण केलं, त्यात हिला गुणी, आज्ञाधारक कन्या म्हणाले.

काकू : त्यांच्या घरचं दळण मी मुद्दाम जाड काढायचे.

वाटाड्या : आणि सातव्या दिवशी तुमचं पत्र आलं.

काकू : पोचलं होतं?

वाटाड्या : सगळी पोचली. तुमच्या वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून माझे वडील गिरणीत बसून वाचायचे. पहिलं पत्र ऐकल्यावर म्हातारा आधी हसला म्हणे. पोटभर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाहेर अर्धं गाव अजून सुतकी चेहऱ्याने बसलंय आणि ज्याचा पाय मोडला तो समोरच्याच खाटेवर आहे.

पुतणी : मग सांगून टाकायचं ना तेव्हाच.

वाटाड्या : कोणत्या तोंडाने? "तुमचा पाय फुकट मोडला, पोरगी सुखात आहे" असं? म्हणाला, चार दिवस जाऊ देत, मग सांगतो. चार दिवस काही संपले नाहीत. माझ्या वडिलांकडून शपथ घेतली त्याने.

काकू : गावाला नाही सांगितलं, ठीक आहे. मला दोन ओळी लिहायला काय झालं होतं? वर्षातून दोन पत्रं, अशी अकरा वर्षं लिहिली मी. भिंतीशीसुद्धा माणूस इतकं बोलत नाही. मला वाटायचं, न फोडताच चुलीत टाकत असतील.

वाटाड्या : उत्तर सांगायला बसायचा की तो. माझे वडील लिहून घ्यायचे. "तुझं पत्र मिळालं, आनंद झाला" इथपर्यंत गाडी यायची. पुढे म्हणायचा, तिला इथं सगळ्यांनी मारून टाकलंय आणि मी गप्प राहिलो, हे तिला कसं कळवू? आणि ते न कळवता बाकीचं कसं लिहू? मग कागद फाडायचा. दर वेळी तेच.

काकू : म्हणजे राग नव्हता.

वाटाड्या : राग? माझ्यादेखत एकदा गिरणीत कोणी तुम्हाला नावं ठेवली, तर त्याचं पोतं न दळताच परत दिलं.

पुतणी : काकू, पाणी हवंय का?

काकू : समोर एवढं पडतंय ते पुरे आहे. आणि रे, गिरणी कधी बंद पडली?

वाटाड्या : रस्त्यावर विजेची आली तेव्हा. त्यानंतरही म्हातारा इथंच राहिला. दर गुरुवारी टपालाची पिशवी यायची, तर हा पोस्टाच्या पायरीवर हजर. पण तोवर तुमची पत्रं थांबली होती.

काकू : मी थांबवली. हिच्या काकांनी सांगून पाहिलं, लिहीत राहा म्हणून. मी म्हटलं, आता माझाही काही मान आहे.

वाटाड्या : तुमच्या पत्राची वेळ टळून सहा गुरुवार झाले, सात झाले. पायरीवरून उठताना त्याला हात द्यावा लागायला लागला. आठव्या गुरुवारी माझ्या वडिलांनी पत्र वाचून दाखवलं.

काकू : कोणाचं?

वाटाड्या : तुमचं.

काकू : मी लिहिलंच नव्हतं.

वाटाड्या : आदल्या दिवशी जेवण झाल्यावर वडिलांनी लिहिलं. शिक्कासुद्धा मारला, म्हाताऱ्याने पाकीट हातात घेऊन बघितलं तर दिसावा म्हणून. पुढे महिन्याला एक अशी सवयच पडली. आठ वर्षं, म्हातारा जाईपर्यंत.

पुतणी : आठ वर्षं खोटी पत्रं?

वाटाड्या : सरकारी नोकरीत बसत नाही हे, मान्य आहे.

काकू : ते गेल्याची चिठ्ठी आली होती मला. खाली सही नव्हती.

वाटाड्या : तीही त्यांचीच. पण ती खरी होती, म्हणून त्यांना लिहायला दोन दिवस लागले.

पुतणी : त्या पत्रांत असायचं तरी काय?

वाटाड्या : संसार. वडिलांना सुचेना झालं की आम्ही सगळे मदतीला. मुलीला ताप आलाय असं त्यांनी एकदा लिहिलं, तर आईने खोडायला लावलं. म्हणाली, म्हातारा झोपणार नाही.

काकू : मुलीला?

वाटाड्या : तुम्हाला दोन मुली होत्या. थोरली हुशार. धाकटी जरा हट्टी, तुमच्यावर गेलेली.

पुतणी : अहो, काकूला मूलबाळ...

काकू : बोलू दे त्याला. थोरली काय करायची?

वाटाड्या : शाळेत पहिली यायची. गणितात जरा कच्ची ठेवली होती वडिलांनी, फार कौतुक वाटू नये म्हणून. म्हातारा ते ऐकून म्हणायचा, गणित आमच्या घरात कोणालाच जमलं नाही.

काकू : खरं आहे ते. आणि धाकटी?

वाटाड्या : तिला पाण्याची भीती नव्हती.

पुतणी : काकू, निघूया का? चार वाजताची मंडळी वर यायला लागलीत.

काकू : येऊ देत. याला त्यांनाही गोष्ट सांगायची आहे. एवढंच सांग मला बाबा. त्या पत्रांत मी कशी होते? सुखात होते का?

वाटाड्या : हो मावशी. दर महिन्याला.