सुरेखाच्या कॉम्प्युटरला लावलेली परात

आमचं मूळ पोलादपूरच्या वर डोंगरात. वाडी हाय, नाव कशाला लिवताय, आता तिथं उरलंय कोण, सगळी मुंबईला. बाप नाचणी-वरी करायचा. मी तिसरीतनं शाळा सोडली नि चुलत्याच्या मागनं मुंबईला गेलो, तिथं पत्र्याच्या कारखान्यात लागलो. मोठ्या हाफिसात, थेटरात गार हवा येते ना वरनं, तिला पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, डक म्हणायचे त्याला, ते आमी करायचो. कापायचं, वाकवायचं, रिबीट मारायचं. मंग लगीन झालं. ही शिवथरच्या बाजूची, तिला मुंबई मानवली नाय, म्हणून महाडला येऊन स्वतःचं दुकान टाकलं. भाताच्या कोठ्या, पेट्या, पन्हळी, नरसाळी, जो जे सांगेल ते. उभा जन्म पत्र्यात गेला, काय सांगू तुम्हाला, माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी मी त्याच्या हातातल्या डब्याकडं बघतो. आता दुकान बंद केलंय, हत्यारं घरी पडवीत हायत.

हिला जाऊन वरीस झालं. नाव इंदू, पण मी नावानं कधी हाक मारली नाय, ऐकलंस का म्हणायचो, आणि ती ऐकायची. माझं पण कोण ऐकत असंल तर तीच. मी तिचं किती ऐकलं ते विचारू नका.

आमच्या घराण्यात असं हाय, घरातली बाई गेली की तिची भांडी, तिची लुगडी वर्षश्राद्ध होईपर्यंत घराबाहेर काढायची नायत. मंग लेकीनं, सुनेनं काय ते न्यावं. मला एकच लेक, सुरेखा, पोलादपूरला दिलेली. तेराव्याला सगळी पांगली तवा ती म्हणाली, बाबा, मला काय नको, आईची पितळी परात तेवढी द्या, मी तिच्यात भाकरी शिकले. मीच म्हणालो, गो, वरीस होऊ दे, मंग ने. रीत हाय ती हाय. ती बरं म्हणाली. पुन्हा विषय काढला नाय तिनं. आली की फळीवरनं परात काढायची, उकड मळायची, मला गरम भाकरी घालायची, परात घासून जागेवर ठेवायची नि हात पुसत यष्टीला जायची.

सुरेखाचं पोलादपूरला स्टँडजवळ दुकान हाय. दाखले, सातबारा, पोरांचे परीक्षेचे फॉरम, फोटो, सगळं एका कॉम्प्युटरवर. वर पत्रा. यंदा उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर बंद पडायला लागला. माणूस गावावरनं येतो, अर्धा फॉरम भरून होतो नि पडदा काळा. मी हात लावून बघितला, डबा असा तापलेला, सवच्या गरम कुंडातल्या पाण्यागत. महाडचा मेकॅनिक आला, त्यानं डबा उघडला, म्हणाला, मशीन चांगलं हाय, पण डबा चारी बाजूनं बंद, हवा खेळत नाय, भारीतला नवीन डबा घ्या, काचेचा, लायटीवाला. सुरेखानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, बाबा, तुमी डक करायचात ना, बघा काय होतंय का. आणि होतंय तर जरा बरा दिसंल असा करा, आता रॉकेलच्या डब्यावानी दिसतोय.

हिच्या माघारी मला कोणी काय काम सांगितलंच नव्हतं हो. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच विचारायचे सगळे.

मेकॅनिकनं आतलं मशीन काढून ठेवलं. काका, म्हणाला, कापताना लोखंडाचा कीस आत गेला तर सगळं जळेल, रिकामा डबाच न्या, नि हे दोन बारके पंखे, बसवायला. तवर सुरेखा मागून आणलेल्या लॅपटॉपवर भागवत होती. मी डबा मांडीवर घेऊन यष्टीत बसलो. कंडक्टर म्हणाला, आजोबा, कोंबड्या हायत काय आत. म्हटलं नाय. म्हणाला, मंग ठीक, भोकं नायत कुठं, मेल्या असत्या. म्हटलं, त्याच्यासाठीच नेतोय बाबा.

पडवीत बसलो. पुढनं खाली एक गोल कापला, तिथनं पंखा गार हवा ओढणार. मागनं वर एक, तिथनं गरम हवा बाहेर जाणार, गरम हवा वरच चढते. कडा कानशीनं घासल्या, गाडीच्या दाराला असतं ते रबर बसवलं कडंला, हात कापू नये म्हणून. पंख्याच्या खाली पंपाचे वायसर टाकले, धडधड नको. मंग राहिली डब्याची मोठी बाजू, अख्खी सपाट. तिच्यात मोठं भोक पाडलं. पण भोक उघडं ठेवून चालत नाय, आमच्याकडं पाली उबेला आत शिरतात. जाळी लावली तर कोंबड्यांचं खुराडं दिसायला लागलं. तिनं तर बरा दिसंल असा सांगितलेला.

आणि मी वर बघितलं. फळीवर परात.

आता तुमी काय म्हणाल ते म्हणा. मला परात दिसलीच नाय. मला पत्रा दिसला. पितळी, जुना, घासून घासून पातळ नि मऊ झालेला, असा आता बाजारात मिळत नाय. मनात म्हटलं, सुरेखालाच द्यायची हाय, तिच्याच दुकानात जाणार, वरीस भरायला थोडेच दिवस हायत, भांडं म्हणून थोडीच नेतोय. अशी चार कारणं लगेच सुचली मला. कारणं सुचत होती तवाच कळायला पायजे होतं, खरं काम असलं की माणसाला कारणं लागत नायत.

कातरीनं तळ गोल कापून काढला. त्याच्यावर छिन्नीनं नि पोगरानं बारीक भोकं पाडली, मधनं बाहेर, फुलासारखी, हवा पण जाईल नि पाल जाणार नाय. कड उरली ती सरळ केली, तिच्या पट्ट्या काढल्या, डब्याच्या पुढल्या कोपऱ्यांना लावल्या. चिंच लावून घासलं. डब्याला काळा रंग मारला. काय दिसत होता सांगू. मी जेवायचं विसरलो. शीळ वाजवत होतो, शेजारीण बघून गेली. हिच्या फोटोला रोज सकाळी फूल ठेवतो, त्या दिवशी ते पण राहिलं. ती गेल्यापासनं मी तेवढाच एक दिवस सुखात होतो, आणि तो असा.

पोलादपूरला नेला. मेकॅनिकनं मशीन आत बसवलं. एक पंखा मी उलटा लावलेला, तो हसला, म्हणाला काका, हा तर गरम हवा आत ढकलतोय. फिरवला. चालू केला. दुपार गेली, बंद पडला नाय. दुकानात बसलेली माणसं म्हणाली, भारी हाय, कुठनं घेतला. मी फुगून बसलेलो.

सुरेखा चहा घेऊन आली. डब्याकडं बघून हसली आधी. मंग खाली वाकली. परातीला तळाशी पूर्वी भोक पडलेलं, मीच त्याला डाग दिलेला, तो डाग फुलाच्या एका बाजूला राहिला होता. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. म्हणाली, बाबा, ही आईची परात. म्हटलं, हो, तुझीच ना ती. ती म्हणाली, कड कुठाय. मी पट्ट्या दाखवल्या. तिनं त्या एकेक बघितल्या. मंग खुर्चीत बसली नि समोरच्या माणसाला म्हणाली, हां काका, पूर्ण नाव सांगा.

शटर ओढताना एवढंच बोलली, मी वरीसभर थांबले बाबा, तुमी सांगितलं म्हणून. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी पण उलट ओरडलो असतो नि मिटलं असतं. आमचं असंच मिटायचं, हिचं नि माझं.

वर्षश्राद्ध झालं. कावळा शिवला, पानं उठली. मी हिचं सगळं माजघरात मांडलं, लुगडी, समई, तांब्याची कळशी, दळणाचे डबे. म्हटलं सुरेखा, काय पायजे ते ने, सगळं ने. तिनं सगळ्याकडं बघितलं. म्हणाली, नको बाबा, राहू दे तुमच्याकडं, फक्त कातर लावू नका.

चिडून नाय म्हणाली. पोराला सांगावं तसं म्हणाली.

मी पडवीत गेलो. पत्र्याची कातर हाय माझी, कारखाना सोडताना मिस्त्रीनं दिलेली, तिच्यावर माझं घर चाललं. ती फडक्यात गुंडाळली नि सुरेखाच्या हातात दिली. ती नको म्हणेल असं वाटलेलं, खरं सांगतो, म्हणावी असं पण वाटलेलं. तिनं घेतली. पिशवीत तळाला ठेवली, वर प्रसादाचा डबा ठेवला.

आता आठवड्यातनं एकदा मी पोलादपूरला जातो. कॉम्प्युटर मस्त चालतोय, पावसाळा आला तरी तक्रार नाय. नवीन माणूस विचारतो हे पितळेचं काय, ती सांगते आईची परात हाय, बाबांनी बसवली. मी तिथं बाकावर बसलेला असतो, मान खाली घालून. दुपारी ती मला घरी नेते, स्टीलच्या परातीत पीठ मळते. हलकी हाय ती, फरशीवर सरकते, एका हातानं धरायला लागते, मंग भाकरी एका बाजूला जाड होते. चुकलं गो माझं, असं दर वेळी तोंडाशी येतं नि तिथंच राहतं, जन्मात कोणाला म्हटलेलं नाय. ती पहिली भाकरी माझ्या ताटात टाकते. मी खातो, जाड बाजूसकट. देव तिचं भलं करो, माझं काय, माझं झालं.