गच्चीवरच्या सळया

मूर्तिजापूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बाप-लेक बसले होते. अमरावतीची बस काही येत नव्हती.

"रागिणी, लोकं इंजिनेर होऊन घरं बांधतात. तू पाडून राहिली!"

"कॉम्प्युटरमंदी, बाबा. भूकंप देऊन पाहतो, घर कुठं मोडते ते."

"तडा गेला का संपलं घर!"

"तिथंच चुकते तुमचं. काँक्रीट तडकलं का भार सळई घेते. घर वाकते, पण उभं राहते. मी तडा गेल्यावरचाच हिशोब करून राहिली."

"आपलं घर टाकलं काय त्यात?"

"टाकलं. तडकलं, पण पडलं नाही."

"पाह्यलं? कोणं बांधलं ते!"

"मंग त्याच्यावर दुसरा मजला चढवला. खालचे कॉलमच मोडले, सारं घर खाली बसलं. तुमच्या पोराले, शिवमले सांगा, वरच्या मजल्याची हौस सोड म्हणा."

"शिवम खालीच राहीन."

"मंग गच्चीवर सळया सोडल्या कावून?"

"कापूस बरा झाला का तुह्यासाठी वर दोन खोल्या काढाच्या होत्या."

बस लागली. दोघंही उठले नाहीत.

"बाबा, जुने कॉलम जाड करता येतात."

"आता कशी बांधाची गोष्ट काढली!"