नंबर तोच, जबडा दुसराच

— भूल चढायला पाच-सात मिनिटं तरी लागतात, काका, तोवर तोंड मिटलंत तरी चालेल, फक्त तो कापूस जिभेनं हलवू नका आणि बोलायच्या भानगडीत पडू नका, जीभ चावली जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. माझ्या हाताकडे बघताय ना मघापासून? बघा, बघा, थरथरतोय तो. पण सुई टोचताना थरथरला का? नाही ना. सुई हातात आली की तो आपोआप शहाणा होतो, ठेवली की पुन्हा सुरू — सोमवारपासून असंच चाललंय. आजारी वगैरे नाहीये मी, तशी भीती बाळगू नका. भीती मला वाटतेय. आता दातांच्या डॉक्टरनं खुर्चीतल्या माणसाला असं सांगायचं नसतं, कळतं मला, पण तुम्हाला उलट काही विचारता येत नाहीये तर जरा मोकळं व्हावंसं वाटतंय.

तो कोपऱ्यातला संगणक दिसतोय? मान नका वळवू, डोळ्यांनी बघा. त्याच्या जागी जो जुना होता तो गेल्या आठवड्यात गेला — म्हणजे जळालाच, वास आला, ताईंनी धावत येऊन वायर उपटली. ताई म्हणजे माझ्या मदतनीस, आत्ता तुमचा फोटो काढला त्याच. पेशंटची सगळी माहिती त्या संगणकात, जबड्याचे फोटो बघायचे तेही त्याच्यातूनच, तो नाही तर मी आंधळी. आणि ज्यानं हे सगळं बसवून दिलं होतं तो माणूस नोकरी धरून दुसऱ्या शहरात गेलेला. फोन केला तर म्हणाला, दहा दिवसांनी येतो. दहा दिवस दवाखाना बंद ठेवू का मी? समोर बघितलंत ना, काचेच्या दाराचा नवा दवाखाना, आत गार हवा, मासे पोहतायत. आमच्याकडचे लोक रस्ता ओलांडून तिकडे जाताना मला या खिडकीतून दिसतात, आणि जाताना मान खाली घालून जातात बिचारे, माझी नजर चुकवत.

आमचे हे म्हणाले, तू हात लावू नकोस, माणूस बोलाव. झालं, तेवढं ऐकलं आणि मी हट्टाला पेटले. म्हटलं, मी जिवंत माणसांच्या हिरड्या शिवते, मला एक खोकं मांडता येणार नाही? लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातलेला एक सुटा संगणक त्या माणसानंच कपाटात ठेवून दिला होता, तो काढला. आता आपला पेशंटचा प्रोग्रॅम उघडायला मागे तीन गोष्टी लागतात — पानं दाखवणारा सर्व्हर, माहिती ठेवणारा डेटाबेस, आणि प्रोग्रॅम चालवणारं आणखी एक काहीतरी. सुटं सुटं बसवायला बसलं तर माणूस म्हातारा होईल. पण हे तिन्ही एकाच गाठोड्यात बांधलेलं पॅकेज मिळतं, फुकट, एकदा बसवलं की झालं. ते घेतलं. उतरवून घेतलं तर चालेना. का? तर त्या फाइलला आधी चालायची परवानगी द्यायची असते — लिनक्सचं सगळं असं, सासरच्या घरासारखं, उठायचं तर विचारून, बसायचं तर विचारून. काळ्या पडद्यावर कमांड लिहिली, त्यानं पासवर्ड विचारला, मी टाइप करतेय आणि अक्षरं काही उमटत नाहीत, एक ठिपकासुद्धा नाही. मला वाटलं कीबोर्ड मेला. ताईंना हाक मारली. नंतर कळलं, तिथं पासवर्ड दिसतच नाही, आंधळेपणानं लिहायचा आणि विश्वास ठेवायचा.

सोमवारी बसलं एकदाचं, तर सर्व्हर सुरू होईना. का? तर त्याची जागा आधीच कोणीतरी अडवून बसलेलं — आतमध्येच दुसरा एक सर्व्हर, त्या माणसानं कधीतरी घालून ठेवलेला. त्याला बंद केला, मग हा उठला. ब्राउझर उघडला आणि काय सांगू काका, आलं पान. स्वागत वगैरे लिहिलेलं. मी आणि ताई चहाचे कप हातात धरून त्या पानाकडे बघत उभ्या, जणू घरातल्या बाळानं पहिल्यांदा पावलं टाकलीत.

आणि मग मी खाली बारीक अक्षरांतलं वाचलं. दुखतंय का? नाही? बरं. खाली लिहिलेलं की हे पॅकेज घरी शिकायला, करून बघायला आहे, कामाच्या ठिकाणी उघड्यावर ठेवू नका, आल्या आल्या त्याला पासवर्ड नसतो, कोणीही आत येऊ शकतो. एवढ्या लोकांची माहिती — कोणाला कुठला आजार, कोणाची काय औषधं, कोणाची कवळी आहे जी त्याच्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. पासवर्ड घातले, बाहेरच्या इंटरनेटची तार काढून टाकली, आतल्या आत दोन खोल्यांपुरतं ठेवलं. तरी जीव थाऱ्यावर नाही. ते हिरवे दिवे लुकलुकतात ना, एक जरा जास्त लुकलुकला तरी मला वाटतं आलं कोणीतरी. सकाळी आल्यावर आधी तिथं जाऊन बघते, मग एप्रन घालते. ताई म्हणतात, डॉक्टर, चोराला आपल्या दाढा कशाला हव्यात. त्यांचं बरोबर आहे, पण हाताला कोण समजावणार.

चला, ओठ जड झाला? गाल सुजल्यासारखा वाटतोय? वाटतोय फक्त, सुजलेला नाही. उघडा आता. मोठं. अजून. ही आरशाची काडी आहे, टोचणार नाही. फोटोत बघा, खालची डावी, शेवटून दुसरी, मुळाशी ही काळी सावली दिसतेय ना, हाच पू. हिलाच काढायचंय. आणि उजवीकडे ही पांढरी चमकतेय ती तुमची कॅप, तिला काही —

उजवीकडे वळा जरा.

कॅप कुठाय?

नाही, मान हलवू नका, हाताच्या बोटानं सांगा. इथं कॅप बसवली होती कधी? धातूची? पडली का? नाही? कधीच नाही? थांबा. बंद करा तोंड. नको, उघडंच ठेवा. थांबा जरा.

दात तर सगळे तुमचेच दिसतायत. कॅप बसवायची तर दाढ आधी घासून बारीक करावी लागते, आणि ही तर अख्खी आहे, कोणी हातसुद्धा लावलेला नाही. फोटोवर नंबर तुमचाच आहे. नाव नसतं फोटोवर, नंबर असतो फक्त. पण हा जबडा तुमचा नाही, काका.

एक मिनिट. मला विचार करू दे. तुम्ही आज पहिल्यांदा आलात, ताईंनी नाव घातलं, प्रोग्रॅमनं तुम्हाला पुढचा नंबर दिला. पुढचा म्हणजे कुठला पुढचा? माहिती मी चढवली ती पेन ड्राइव्हवरून, जुनी प्रत, तीन आठवड्यांपूर्वीची, तेवढीच होती. मधल्या लोकांची नावं गेली, ते ठाऊक होतं मला, म्हटलं येतील तेव्हा पुन्हा भरू. पण फोटो त्याच्यात नव्हते. फोटो एक्स-रेच्या खोलीतल्या वेगळ्या डिस्कवर, ते सगळेच्या सगळे शाबूत. म्हणजे प्रोग्रॅमला वाटतं तीन आठवडे झालेच नाहीत, आणि तो नव्या माणसाला तोच नंबर देतोय जो मधल्या कोणालातरी आधीच दिलाय — आणि त्या नंबराखाली त्या माणसाचा जबडा बसलाय. तुमचा फोटो गेला असणार मागे, दुसरा म्हणून. उघडतो तो पहिला. हे बघा, इथं दाबलं की — हा. हा तुमचा. कॅप नाही. आणि शेवटून दुसरी ठणठणीत. तुमची शेवटची किडलीय, अगदी शेवटची. तुम्ही आल्या आल्या बोट तिच्यावरच ठेवलं होतंत ना? ठेवलं होतंत. मी म्हटलं, दुखणं सरकतं.

सोमवारपासून मी बाहेरून कोण येतंय ते बघत बसले. कोणी आलंच नाही, काका. मीच होते.

सोमवारपासून नवे — नवे कोण कोण आले? एक ती कॉलेजातली मुलगी, तिचे दात नुसते साफ केले, तिथं फोटोचा संबंध नाही. तुम्ही. आणि काल तो चाव्या बनवणारा. बाजाराच्या तोंडाशी लाकडी टपरी आहे बघा, त्यातला, दाराएवढा माणूस, आणि सुई बघून डोळ्यांत पाणी. तोही पहिल्यांदाच आलेला. तोही म्हणाला, डॉक्टर, ही नाही, मागची दुखतेय. मी त्याला फोटो दाखवला. म्हटलं, हे बघा, इथं आहे सावली, मेंदू फसतो, दाताला कळत नाही आपण कुठले. तो हसला, म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. ती दाढ निघेना. घाम फुटला मला, इतकी घट्ट. निघाली ती स्वच्छ, मुळं कशी सोललेल्या बदामासारखी. मी हातात धरून बघितली. मला दिसलं होतं, काका. दिसलं आणि मी मनाशी म्हटलं, कीड आतून असेल. त्याला ती घरी न्यायची होती, मुलांना दाखवायला. मीच कागदात गुंडाळून दिली.

त्याचा नंबर बघते. नाही, नको. बघावाच लागेल. हा पहिला फोटो, काल मी पाहिला तो. आणि हा मागे दुसरा.

हो.

काय ताई? दार लावून घ्या. कोण आलाय? न बोलावता आलाय? काय म्हणतोय — दुखणं तसंच आहे, रात्रभर डोळा नाही. रागावलाय का? नाही? माफी मागतोय? कसली माफी? लवकर परत आलो, त्रास दिला, म्हणून. बसवा त्यांना. पाणी द्या. मी सांगेपर्यंत आत सोडू नका.

ऐकलंत ना. त्याला आत बोलावून मागची काढून टाकली, जी मुळात काढायची होती, तर तो उद्या बरा होईल. हात जोडून जाईल. म्हणेल, दोन्ही खराब होत्या, डॉक्टरांनी दोन्ही काढल्या. तो पहिला फोटो मी त्याच्या नंबराखालून आत्ता एका मिनिटात हलवू शकते, शिकलेय ना मी आता, कमांड लिहायची, पासवर्ड आंधळेपणानं टाकायचा. ताईंना यातलं काही कळत नाही. समोरच्या दवाखान्याला कळलं तर मात्र या खुर्चीवर पुन्हा कोणी बसणार नाही. कळणार कोणाला? मला ठाऊक आहे फक्त. मला आणि —

तुम्ही असे का बघताय माझ्याकडे?

मी हे सगळं तुमच्यासमोर बोलले. वेडी झालेय मी. तोंडाला भूल दिली, कानांना नाही.

नाही, हात नका धरू, मी ठीक आहे. बघा, थांबलाय तो. थरथर थांबली. उठा हळूहळू, चक्कर आली तर सांगा. चूळ भरा, पाणी गालातून ओघळेल, ओघळू दे. दोन तास काही चावू नका, गरम पिऊ नका. तुमची शेवटची दाढ काढावी लागेल, पण आज नाही, आणि माझ्याकडून काढून घ्यायची की समोर जायचं ते तुम्ही ठरवा, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण दाखवणार नाही. बाहेर तो बसलाय त्याला काही सांगू नका — नाही, तसं नाही म्हणत मी, काका, लपवा असं नाही म्हणत. आधी मी सांगते. त्याला माझ्या तोंडून कळू दे.

ताई, त्यांना आत पाठवा. नाही, ट्रे नको. चिमटा नको, काहीच नको, नुसतं एक स्टूल ठेवा मला त्यांच्यासमोर.

जा तुम्ही. खुर्ची मोकळी करा.