अक्काचा आवाज, दीड पट्टी वर

न्हाई दाजी, पेन ड्राइव्ह राहू दे टेबलावर, बसा की आधी — ती खुर्ची हलत्या, भिंतीला टेकून बसा. चहा सांगू? बरं, न्हाई तर न्हाई. सुप्याची गाडी यायला वेळ हाय अजून. फोनवर तुम्ही म्हणालासा ते परत — नको, परत सांगू नका, ऐकू आलंय मला. हा आवाज कविताचा न्हवं, म्हणालासा. तिचा नवरा तुम्ही, तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर मी काय बोलू? पण मी भाऊ हाय न्हवं तिचा? तुम्ही तिला बघायला यायच्या आधीपासनं ऐकलाय तो आवाज. लहानपणी उळवीच्या जत्रेत चुकलो की अक्का हाक मारायची, मी त्या हाकेच्या मागनं परत यायचो. तोच आवाज हाय ह्यात.

ही व्हायलिनं बघा, कॉम्प्युटरात. परदेशात कुठल्यातरी मोठ्या हॉलात साठ जणांना बसवून एकेक सूर भरून घेतल्यात, ते सूर विकत मिळतात. मी हितं रामनगरात खताच्या दुकानावर, पत्र्याखाली बसून की-बोर्डावर बोट दाबायचं आणि तिकडची साठ माणसं वाजवायची — अक्काला लई हसू यायचं त्याचं. दवाखान्यातनं घरी आणल्यावर म्हणाली, गोपाळ, मी माझ्या पोरीचा, रक्षिताचा पाळणा म्हणते, माझ्यामागं तुझी ती माणसं बसव. बसवतो म्हटलं. तिला हितला जिना चढवंना, म्हणून मीच रेकॉर्डर घेऊन तुमच्याकडं आलो — तुम्ही आवाज नको म्हणून अंगणात कोंबड्या हाकलत उभारला होतासा, आठवतंय?

आता सांगतो काय झालं ते. तो रेकॉर्डर जुना, आवाजाचे सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे करून ठेवतोय. हितला कॉम्प्युटर कायम अठ्ठेचाळीस हजारावर — लग्नाचे व्हिडिओवाले तसंच मागतात, व्हायलिनं पण त्याच मापाची. मापं वेगळी असली की आधी फाईल बदलून घ्यायची, न्हाईतर तेच तुकडे कॉम्प्युटर घाईनं वाजवून मोकळा होतोय. गाणं लवकर संपतंय, आवाज चढतोय — दीड पट्टी. रोजचं काम हाय ते, डोळे झाकून करतो मी. पण त्या दिवशी न्हाई केलो. तिचे दिवस नुकते घातलेले, डोळ्यांना काय दिसत होतं मला? फाईल टाकलो, वाजवलो — आणि दाजी, अक्काच आली की ओ. लग्नाआधीची. बारीक आवाज, घसा मोकळा, धाप न्हाईच. दोन ओळींच्या मधे ती श्वासाला थांबायची न्हवं, ते थांबणं एवढंसं झालं. धडधाकट बाई पोरीला झोपवायल्या असं वाटलं. मग त्याच आवाजाला धरून सगळी व्हायलिनं लावलो. आईला ऐकवलो तर आई म्हणाली, आली बघ माझी पोरगी. आणि पदर तोंडाला लावून बसली.

चूक कळली कधी? दुसऱ्याच दिवशी कळली की. अक्का म्हणत होती त्यापेक्षा गाणं आखूड निघालं, मग बघितलो. दुरुस्त करायला काय लागतंय, दोनदा बटण दाबायचं. व्हायलिनं परत लावायला लागतील म्हणून राहिलं — हे आपलं निमित्त. खरं म्हणजे खरा आवाज मी एकदाच ऐकलोय. शेवटच्या ओळीला ती थांबत्या आणि म्हणत्या, बास रे गोपाळ आता. घाईत वाजवलं की ते लाडानं म्हटल्यागत वाटतंय. खऱ्यात — जाऊ दे ते. मी ते परत ऐकू शकलो न्हाई. तुम्हाला पाठवलो ते असं, रक्षिताला निजवताना लावा म्हणून. पोरीला आईचा चांगला आवाज मिळू दे म्हटलं, त्यात काय वाईट केलो?

काय? रक्षिता काय म्हणाली?

ही कोण बाई, म्हणाली?

…व्हय. तिला कळायला लागल्यापासनं अक्का अंथरुणावरच. धाप लागलेलाच पाळणा ऐकल्या ती. तिची आई तशीच. माझी अक्का मी तिच्या गळ्यात बांधायलो होतो.

द्या तो पेन ड्राइव्ह इकडं. व्हायलिनं न्हाई घालत, नुसता आवाज देतो, हाय तसा — श्वासासकट, शेवटच्या बोलण्यासकट. व्हय, साठ माणसं बसवायची तिची इच्छा होती. बसवीन की, खालच्या पट्टीत. पण त्यासाठी मला ते रोज ऐकायला लागणार न्हवं… बघू.

हं, घ्या. झालं भरून. न्हाई, हितं लावून बघू नका. घरी लावा, रक्षिताला मांडीवर घेऊन. जावा आता दाजी, गाडी आली असंल. जाताना तेवढं दार ओढून घ्या.