सोपान गुरवाची रोजची लेन्स

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, मोठ्यानं दिलंत तर शेजारचा नक्कल करील. आपण देवळात जातो ते बघायला जातो, की दिसायला?

"बघायला!" — झालं, बाप्ये लगेच बोलले! बायका मात्र गप्प आहेत. बायकांना काहीतरी ठाऊक असतं तेव्हा त्या गप्प बसतात, हा माझा संसारातला अनुभव आहे.

दर्शन म्हणजे बघणं, हे मलाही कळतं हो. पण आजचं आख्यान ऐका आणि मग उत्तर द्या. हे पुराणातलं नाही. ह्यात राजा नाही, राक्षस नाही, कुणी कुणाला शाप देत नाही. ह्यात एक गुरव आहे, एक कॅमेरा आहे आणि लेन्स घ्यायला पुरेसे पैसे नाहीत. — पखवाजवाले बुवा, हसू नका, तुमचा पखवाज तरी रोख पैशात आलाय का?

विट्याच्या पलीकडे करंजओढा नावाचं गाव. पाऊस रुसलेला, त्यामुळं गाव पोटापाठी बाहेर पडलं ते सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. गावात माणसं सातशे आणि गावाबाहेर दोन हजार! कोण सेलमला, कोण कोचीनला, कोण सिलिगुडीला, कोण कानपूरला. आता एवढ्या लांबून भैरोबाचं दर्शन कसं घ्यायचं? तर मोबाईलवर गावाचा ग्रुप. सकाळची पूजा झाली की सोपान गुरव गाभाऱ्याचा एक फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. रोज! घरात सुतक असलं तर गावातल्या दुसऱ्या कुणाला काढायला लावायचा, पण फोटो चुकायचा नाही. मग खाली हात जोडलेल्यांची रांग लागायची, आणि त्या रांगेच्या मधोमध कुणीतरी टाकायचा, 'गाभण शेळी विकणे आहे.' चालायचंच. देवाच्या दारात बाजार भरतोच!

पण फोटो कसा यायचा? गाभारा दगडी, खिडकी नाही. उजेड म्हणाल तर दोन समया. मोबाईलमध्ये देव पिवळा दिसायचा, चांदीचा मुखवटा काळा दिसायचा आणि समई म्हणजे नुसता पांढरा गोळा. कुणी म्हणालं, "सोपाना, फ्लॅश मार की." सोपान म्हणाला, "झोपंतनं उठलेल्या माणसाच्या डोळ्यावर बॅटरी मारतुयास का तू? मग देवाच्या कशाला मारू?" बघा कसा माणूस होता!

एका वर्षी जत्रेला कानपूरच्या एका शेटनं आपला जुना कॅमेरा देवळाला दिला. चांगला मोठा, गळ्यात अडकवायचा. सोपान हरखून गेला. घरी जाऊन बघतो तर पुढची लेन्स मोडकी! फिरवली की कर्रकर्र वाजायची आणि मध्येच अडकायची. दानात आलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण मंडळी, दातच नसतील तर मोजायचे काय?

म्हणजे लेन्स घेणं आलं. सोपानकडं साठवलेले आठ हजार होते. दोन जत्रांची दक्षिणा, बायकोला न सांगता डब्यात ठेवलेली. — बायकांनो, घरी गेल्यावर डबे तपासू नका! — ते घेऊन सोपान सांगलीला गेला. इनामदार म्हणून एका सरळ माणसाचं कॅमेऱ्याचं दुकान होतं, नवंही ठेवायचे आणि जुनंही.

इनामदारांनी आधी एक हातभर लांबीची लेन्स दाखवली. सोपाननं किंमत ऐकली आणि ती न शिवता परत ढकलली. मग इनामदारांनी दोन लहान लेन्सा काचेवर ठेवल्या.

"गुरव, ह्या दोन्ही तुमच्या पैशात बसतात. ही पन्नासची, नवी कोरी. हिचा डोळा मोठा उघडतो, अंधारात समईच्या उजेडावरसुद्धा फोटो स्वच्छ देईल. पण तुमच्या कॅमेऱ्यावर ही जवळचंच बघणार, आजूबाजूचं हिला दिसायचं नाही. आणि ही चोवीसची. जुनी आहे, काठाला एक चरा आहे. उजेड थोडा कमी पिते, पण दारात उभं राहिलात तर आख्खी खोली आत घेते."

"रोज कामाला यील अशी कुठली?"

"ते तुम्ही मला सांगायचं. रोज फोटो कशाचा काढता?"

"देवाचा."

"फक्त देवाचा?"

"मग आनि कुनाचा?" सोपान म्हणाला.

इथं थांबा, मंडळी. बोललं ते खोटं होतं का? नाही! गुरव देवाचाच फोटो काढणार. पण दुकानदारानं प्रश्न दोनदा विचारला होता. कुणी एकच प्रश्न दोनदा विचारला की माणसानं एक घोट पाणी प्यावं आणि मग उत्तर द्यावं. सोपान काही पाणी प्यायला नाही. त्यानं पन्नासची घेतली.

आणि काय फोटो आला म्हणता! मुखवट्यावरची नक्षी मोजून घ्यावी, मिशीचा पीळ दिसावा, कपाळावरच्या भंडाऱ्याचा कण न् कण दिसावा. मागचं सगळं मऊ, धुरकट. ग्रुपवर नुसता कल्लोळ! सिलिगुडीचा म्हणाला, "आज देव बोलला." कोचीनच्यानं फोटो मोठा करून दुकानात लावला. आणि आणखी एक सोय झाली. पूर्वी फोटोच्या वेळी बायका कडेला उभ्या असायच्या, कुणाचा पदर, कुणाचं कोपर मध्ये यायचं, सोपान हातानं 'सरका सरका' करायचा. आता सरकायला सांगायची गरजच उरली नाही, ह्या लेन्सला त्या दिसतच नव्हत्या. नुसता देव! आठ दिवस सोपान जमिनीवर चालत नव्हता. एवढं कौतुक त्याचं त्याच्या लग्नातही झालं नव्हतं.

नवव्या दिवशी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"गुरवकाका, मी उज्वला. जगूआण्णा निकमांची."

सोपाननं हातातलं ताट खाली ठेवलं. का ठेवलं ते सांगतो. ह्या उज्वलानं नऊ वर्षांपूर्वी बापाच्या मर्जीबाहेर, जातीबाहेर लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर सेलमला निघून गेली. जगूआण्णा बायकोला, शेवंताबाईला, घेऊन देवळात आले आणि त्या माऊलीला भैरोबापुढं बेलभंडारा उचलायला लावला. आता बेलभंडारा उचलणं म्हणजे काय, ते ह्या बाजूला लहान पोराला पण कळतं. एकदा उचलला की शब्द मोडता येत नाही. 'पोरीचं तोंड बघणार नाही, तिच्याशी बोलणार नाही.' आणि मंडळी, तो भंडारा ताटातनं पुढं धरला कुणी? सोपान गुरवानं! त्याचं कामच ते.

तर ती उज्वला बोलत होती.

"काका, इथल्या एक मावशी गावच्या ग्रुपवरचा फोटो मला रोज पुढं पाठवतात. म्हणजे… आई बरी आहे ना?"

"बरी हाय की. का गं?"

"आठ दिवस झाले, फोटोत दिसली नाही."

सोपानला कळेना. "फोटोत? अगं फोटोत देव असतुया."

"उजव्या कोपऱ्यात, काका. समईच्या कडेला. कधी तिचा खांदा यायचा, कधी कान. परवाच्या संक्रांतीला आख्खा हात आला होता, बांगड्या नव्या होत्या. मी तेवढंच बघते. मला वाटलं… काही झालं असेल तर मला कोण सांगणार?"

सोपाननं "बरी हाय, पोरी, बरी हाय," एवढं म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिथंच पायरीवर बसून त्यानं मोबाईलमधले जुने फोटो उघडले. दोन वर्षांचे! दोन बोटांनी उजवा कोपरा मोठा करायचा आणि बघायचं. ह्यात कान. ह्यात पदराचा काठ. ह्यात पाठमोरा अंबाडा, अर्धा पिकलेला. पुढच्या फोटोत पाऊण पिकलेला. आषाढात खांदा वाळलेला, त्याच्या आधी ती तापानं झोपून होती. एक बाई दोन वर्षं त्याच्या डोळ्यादेखत म्हातारी झाली होती, फोटो ह्यानं काढले होते आणि ह्यालाच दिसलं नव्हतं! त्याला फार वाईट वाटलं. ज्यांना आपण रोज हातानं 'सरका' म्हणत होतो, त्यांच्यासाठी कुणीतरी सेलममध्ये फोटोची वाट बघत होतं.

देव पाहाया मी आले, दिवा धरिला हातात,
कोण पाहील गे मला, अशी उभी अंधारात!

— ही ओवी माझीच, मोडकीतोडकी. संतांच्या नावावर खपवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, दोन पावलं मागं सरकायचं की! सोपान सरकला हो. मागं दगडी खांब. पाठ टेकली की संपलं. खांबाच्याही मागं गेला, तर दाराच्या चौकटीत देव तेवढा राहिला आणि बायका भिंतीआड. लेन्स चांगली होती. पण चांगली वस्तू आपल्या कामाची असतेच असं नाही. सुना-जावई बघताना हे ध्यानात ठेवा!

दुसऱ्या दिवशी पूजा आटपून सोपाननं पुन्हा सांगलीची एस.टी. धरली. इनामदारांपुढं पन्नासची ठेवली. "मालक, ही ऱ्हाऊ द्या. ती चऱ्याची द्या."

"का हो? फोटो चांगला येत नाही?"

"लई चांगला येतुया. पन मानसं गेली की त्यातनं."

इनामदारांनी अदलाबदल करून दिली आणि वर एक पुसायचं मऊ फडकं दिलं.

चोवीसची उजेड कमी पिते, मग हात हलून चालत नाही. सोपान गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवावर कॅमेरा टेकवायचा, श्वास धरायचा, मग बटण दाबायचा. आता फोटोत देव लहान आला, थोडा दाणेदार आला, पण दोन्ही बाजूच्या बायका आल्या, मागं काठी टेकलेला म्हातारा आला, आणि उजव्या कोपऱ्यात शेवंताबाई आली. ग्रुपवर कुरकुर सुरू! "सोपाना, देव लांब का गेला?" "ती गर्दी काढ की." सोपाननं एकालाही उत्तर दिलं नाही. कौतुक आवडणाऱ्या माणसानं गप्प बसणं म्हणजे काय, ते मला विचारा. मी कीर्तनकार आहे!

पण त्याच्या मनाला काही चैन पडेना. भंडारा आपण पुढं धरला होता, हे त्याला आत बोचत होतं. चार दिवसांनी पूजा झाल्यावर, बायका पांगल्यावर, त्यानं शेवंताबाईला थांबवलं.

"आक्का, सांगावं का न्हाई कळंना. उज्वला रोज हितला फोटो बघती."

शेवंताबाईनं हातातल्या आरतीची वात पुढं सारली.

"देवासाठी न्हवं. तुमचा कान दिसतुया का बघती. तुमी आन घेतलीया, तिचं तोंड बघायचं न्हाई, तिच्याशी बोलायचं न्हाई. ती मोडा असं मी म्हननार न्हाई, माज्याच हातचा भंडारा हाय. पन तिनं तुमाला बघू नये, आसं त्या दिवशी कुनीच म्हनलं न्हवतं."

मग तिनं आरती खाली ठेवली, एक प्रदक्षिणा घातली आणि घरी निघून गेली.

दुसरा दिवस. पूजा झाली. शेवंताबाई आली. डोक्याला तेल लावलेलं, कुंकू ठसठशीत, अंगावर दिवाळीचं लुगडं. रोजच्या जागी उभी राहिली. सोपाननं कासवावर कॅमेरा टेकवला, श्वास धरला, आणि बटणावर बोट ठेवलं, तोच ती आपल्या जागेवरून निघाली, मधोमध आली आणि वळली!

भैरोबाकडं पाठ!

अहो, तीस वर्षं हा माणूस लोकांना ओरडत आला होता, देवाकडं पाठ करू नका, उलट्या पावलांनी बाहेर जा. आमदाराला सुद्धा त्यानं सोडलं नव्हतं. आता गाभाऱ्याच्या दारात, देवाला अर्धा झाकून, ह्या बाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि तोंड सरळ कॅमेऱ्यापुढं केलं. बाकीच्या बायका बघत राहिल्या. सोपानच्या जिभेवर शब्द आलाच होता, "आक्का, पाठ…"

त्यानं तो गिळला आणि बटण दाबलं.

"आलं का?" शेवंताबाईनं विचारलं.

"आलं."

"डोळं उघडं आल्यात का?"

सोपाननं बघितलं. त्यालाच नीट दिसेना. फडक्यानं कॅमेरा पुसला, मग स्वतःचे डोळे पुसले, पुन्हा बघितलं. "आल्यात, आक्का. उघडं आल्यात."

"मग पाठीव."

त्यानं पाठवला, मंडळी. त्या दिवशीच्या फोटोत मधोमध एक पासष्ट वर्षांची बाई, आणि तिच्या खांद्यामागनं, कोपऱ्यात, चांदीचा मुखवटा. देव कोपऱ्यात जाऊन उभा राहिला! लेकराला आई दिसावी म्हणून सरकला. त्याला कुणी 'सरक' म्हणायची गरज पडली नाही.

ग्रुपवर सिलिगुडीच्या एकानं विचारलं, "उद्या माझ्या आईला तिथं उभं कराल का?"

लोक मला विचारतात, महाराज, जगूआण्णांचं काय झालं? ते पण ग्रुपवर होते, त्यांनीही बघितला. मला इथं गोड शेवट लावता येईल. बाप विरघळला, लेक आली, आण मोकळी केली. पण कीर्तनकारानं खोटं बोलू नये. जगूआण्णा अजून बोललेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई देवळाला निघाली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला अडवलं नाही. तिची चप्पल ओट्याखाली गेली होती, ती काठीनं पुढं सारली. एवढंच झालं. मला तेवढं पुष्कळ वाटतं.

तर माझा प्रश्न तुमच्याकडं वळवतो. देवळात बघायला जाता की दिसायला? तुम्ही म्हणाल, आम्हाला कोण बघतंय महाराज, आम्ही म्हातारे, आम्ही कडेचे! असं समजू नका. ज्यांच्याशी तुम्ही अबोला धरलाय ना, ते कुठंतरी बसून तुमचा कान शोधत असतील. आणि तुम्ही जे लांब आहात, रागानं म्हणा, पोटासाठी म्हणा, तुमचंही तेच.

आता तो खांबाजवळ कॅमेरा लावून उभा आहे, हे कीर्तन थेट मोबाईलवर दाखवतोय, त्याला सांगतो. दादा, मघापासून माझ्याच तोंडावर धरलाय. माझं तोंड काय बघायचं, ते माझ्या घरी पण कुणी बघत नाही! तो फिरवा. मंडळींकडं फिरवा, त्या मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांकडं आधी. सावकाश, एकेकाच्या तोंडावर थांबत थांबत.

आजी, मान वर करा. लाजू नका. गजर मी नंतर धरतो, आधी त्यांना बघू द्या.